नारायणाचे बालगंधर्व कसे झाले?

विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की नाटकात भूमिका मिळावी म्हणून तुमची केवढी धडपड सुरू होते! तुमच्यापैकी काहींना तर पुढे नट वा नटी व्हावे असे मनापासून वाटत असते. घरची वडील मंडळी मात्र चिंतेत पडतात. आधी रीतसर शिक्षण घ्यावे, की अंगी गुण असल्यास थेट निवडीच्या परीक्षेस जाऊन उभे राहावे? ज्याला अनुभव नाही त्याला कोणी विचारील काय? या प्रश्नांचे उत्तर नुसत्या तर्काने शोधण्यापेक्षा एका नटश्रेष्ठाच्या चरित्रात शोधणे अधिक श्रेयस्कर. ते नटश्रेष्ठ म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी एका सामान्य ब्राह्मण कुटुंबात झाला. लिंबायतमधील कित्येक मराठी कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात आहे. त्याच खानदेशात, जळगाव येथे, बालवयात नारायणाने मेहबूब खाँ यांच्यापाशी गाण्याचे पहिले धडे घेतले. त्याच्या गोड गळ्याची कीर्ती लवकरच पसरली. बालगंधर्व हे नाव त्यास लोकमान्य टिळकांमुळे लाभले, असे परंपरेने सांगितले जाते.

त्या काळी स्त्रिया मराठी नाटक मंडळ्यांत काम करीत नसत. स्त्रीभूमिका पुरुषच वठवीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी स्थापन केलेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीचे नामांकित गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले आणि मंडळीस मोठी उणीव भासू लागली. नारायणाचा गळा ती भरून काढण्याजोगा होता. परंतु त्याच्या कानात दोष होता. ज्यास सूर नीट ऐकू येत नाही त्याने रंगभूमीवर गावे कसे? कोल्हापूरचे शाहू महाराज या वेळी त्याच्या साहाय्यास धावले. त्यांनी मिरजेस त्याच्या कानावर उपचार करविले आणि १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. त्याची पहिली भूमिका होती शाकुंतलातील शकुंतलेची. वय अवघे सतरा वर्षांचे!

येथे उतावीळ विद्यार्थी म्हणेल की, पाहा, रंगभूमीचा काहीही अनुभव नसता नारायणास थेट नायिकेची भूमिका मिळाली. मग आम्हांस शिक्षणाचा खटाटोप कशाला? त्याने क्षणभर थांबून विचार करावा. नारायणास अभिनयाचा अनुभव नव्हता हे खरे. परंतु तो रित्या हातांनी आला नव्हता. वर्षानुवर्षे घासलेला गळा त्याच्यापाशी होता. शिवाय मंडळीत पाऊल टाकताच त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे तेथे तालीम देत. शब्दाचा उच्चार, विरामाची जागा, चालण्याची ढब, पदराची हालचाल या साऱ्यांची ते कसून तयारी करून घेत. त्या काळी नाट्यशिक्षणाच्या संस्था नव्हत्या. नाटक मंडळी हीच शाळा आणि तालीम हाच वर्ग.

गाण्याचे गुरू भास्करबुवा बखले यांचे उदाहरण तर फार बोलके आहे. तेही बालपणी किर्लोस्कर मंडळीत गात. परंतु वयात येताना आवाज फुटला आणि त्यांची जागा गेली. निराश होऊन ते घरी बसले नाहीत. बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्यापाशी, पुढे आणखी थोर उस्तादांपाशी त्यांनी विद्या मिळविली. ज्या रंगभूमीने त्यांस दूर केले, त्याच रंगभूमीवरील बालगंधर्वांचे ते गुरू झाले. १९१६ सालच्या 'स्वयंवर' नाटकातील पदांना चाली त्यांनीच दिल्या.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आपल्या गुजरातशी त्या मंडळीचा निकटचा संबंध आहे. राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. भरजरी शालूंसाठी ख्यातनाम असलेले बालगंधर्व तेथे मद्यप्याची गरीब पत्नी सिंधू म्हणून ठिगळांच्या लुगड्यात उभे राहिले आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावले.

याउलट मार्गाने आलेले नट म्हणजे केशवराव भोसले. दारिद्र्यामुळे ते अगदी कोवळ्या वयात नाटक मंडळीत शिरले आणि रंगभूमीवरच लहानाचे मोठे झाले. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही मंडळी स्थापिली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त केशवराव धैर्यधर झाले, तर बालगंधर्व भामिनी. एकाने अनुभवातून विद्या मिळविली, दुसऱ्याने विद्येतून अनुभव. परंतु त्या रात्री दोघे एकाच उंचीवर उभे होते.

बालगंधर्वांचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे नव्हते. उंची वस्त्रे, अत्तरे, भव्य देखावे यांवर पैसा पाण्यासारखा गेला आणि मंडळी कर्जात बुडाली. त्यातच बोलपट आले. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु तीस वर्षे समोर बसलेल्या रसिकांसाठी गाणारा हा नट यंत्रासमोर रमला नाही. तो पुन्हा रंगभूमीकडेच वळला. एका कलेतील अनुभव दुसऱ्या कलेस जसाच्या तसा उपयोगी पडतोच असे नाही, हा धडा त्यातून घ्यावा. १९६४ मध्ये त्यांस पद्मभूषण किताब मिळाला. १५ जुलै १९६७ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निवडीस जाण्यापूर्वी मोठ्या अनुभवाची अट स्वतःवर घालून दारातच अडून बसू नये; नवख्यास पहिली संधी कोणीतरी द्यावीच लागते. परंतु परीक्षकापुढे ठेवण्याजोगे एक तरी कौशल्य कमावलेले असावे: शुद्ध वाणी, तयार गळा किंवा डौलदार हालचाल. आणि निवड झाली म्हणजे शिक्षण संपले असे न मानता ते तेथेच आरंभले असे समजावे. आज दिल्लीस १९५९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातही नाट्यशिक्षणाची सोय आहे. जे शिक्षण नारायणास मंडळीच्या बिऱ्हाडी मिळाले, ते आज शालेय अभ्यास पुरा करून घेता येते. म्हणून पालकांनी मुलांची हौस मारू नये, आणि मुलांनी हौशीलाच विद्या समजू नये. यंदाच्या संमेलनात चार वाक्यांची भूमिका वाट्यास आली, तर ती चार वाक्ये चाळीस वेळा घोकावीत. देवलांच्या तालमीत याहून निराळे काय होत असेल?