बर्फावरची पावले : तेनसिंग नोर्गे

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तेनसिंग नोर्गे एका ओळीत आटोपतात : २९ मे १९५३, एव्हरेस्ट, सोबत एडमंड हिलरी. आम्हाला मात्र त्या ओळीच्या आधीची अठरा वर्षे आणि नंतरची बावीस वर्षे अधिक मोलाची वाटतात.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ चा. बालपण नेपाळच्या खुंबू भागात याक राखण्यात गेले. शाळेत जायला मिळाले नाही, पण भाषा अनेक बोलत. तरुणपणी ते घर सोडून दार्जिलिंगला आले. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांना हमालाचे काम मिळाले. त्या काळी शेर्पांना बर्फावर चढण्याचे रीतसर शिक्षण कोण देणार? पाठीवर ओझे घेऊन, पुढच्याचे पाहून शिकायचे. पाय चुकला की जीव गेला. या शिक्षणाची फी फार जबर होती.

१९५२ साली स्विस गिर्यारोहक रेमाँ लांबेर यांच्याबरोबर ते २८,२०० फुटांच्या आसपास पोहोचले. त्याआधीची रात्र दोघांनी स्लीपिंग बॅगेशिवाय काढली आणि मेणबत्तीवर बर्फ वितळवून घसा ओला केला. शिखर मात्र हुकले.

१९५३ ची मोहीम ही त्यांची एव्हरेस्टकडची सातवी खेप. खुंबूच्या हिमप्रपातात एका भेगेवरून हिलरींनी उडी मारली, पलीकडचा बर्फाचा कडा तुटला आणि ते खाली गेले. मागे दोराला बांधलेल्या तेनसिंगनी क्षणात आपली कुऱ्हाड बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती घेतला आणि हिलरींना तोलून धरले. एव्हरेस्टवर दोघे गेले ते यानंतर. पुस्तकात हा प्रसंग क्वचितच सापडतो, म्हणून मुद्दाम सांगितला.

४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. मेजर नरेंद्र धर जयाळ प्राचार्य, तर तेनसिंग क्षेत्र-प्रशिक्षण संचालक. एव्हरेस्ट जिंकून आलेला हा माणूस त्याआधी शिकवण्याची पद्धत शिकायला स्वित्झर्लंडला, आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत गेला होता!

या संस्थेत आजही आधी दगडावरचे धडे होतात, मग सिक्कीममधल्या राथोंग हिमनदीवर बर्फाचे. बुटांखाली लोखंडी काट्यांचे क्रॅम्पॉन बांधायचे. साध्या उतारावर पाऊल असे सपाट टाकायचे की तळाचे सगळे काटे बर्फात रुतावेत. कुऱ्हाड चढाच्या बाजूच्या हातात. घसरलात तर लगेच पालथे होऊन कुऱ्हाडीचे टोक छातीच्या भाराने बर्फात दाबायचे. पायांत क्रॅम्पॉन असतील तर पाय वर उचललेले ठेवायचे, नाहीतर काटे अडकून माणूस उलटा फेकला जातो. हे सगळे आधी सुरक्षित उतारावर, मुद्दाम घसरून, पुन्हा पुन्हा करून घेतात. अंगवळणी पडेपर्यंत सुटका नाही.

पालकांसाठी एक शब्द. आपली मुले राजहंसगडावर हसतखेळत चढतात, पण सह्याद्रीत बर्फ नाही. दगड उद्याही तसाच असतो. बर्फ सकाळी टणक आणि दुपारी भुसभुशीत असतो. तेव्हा मुलाने हिमालयाचा हट्ट धरला तर त्याला रागावू नका, परंतु मित्रांच्या टोळक्याबरोबरही धाडू नका. वैद्यकीय तपासणी करून अशा संस्थेच्या वर्गाला पाठवा. भीती रास्तच आहे. तेनसिंगनाही बर्फाची भीती नव्हती असे आम्ही मानत नाही.

१९७६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. त्यांच्या जागी भाचा नवांग गोम्बू आले, एव्हरेस्टवर दोनदा पोहोचलेले पहिले गिर्यारोहक. ९ मे १९८६ रोजी तेनसिंग दार्जिलिंगमध्ये वारले. त्यांचे अंत्यसंस्कार त्याच संस्थेच्या आवारात झाले.