जोसेफिन कॉक्रन
जोसेफिन गॅरिस कॉक्रन (जन्म : ८ मार्च १८३९, मृत्यू : ऑगस्ट १९१३) या अमेरिकन संशोधक व उद्योजक होत्या. भांडी धुण्याच्या पहिल्या यशस्वी यंत्राच्या, म्हणजेच डिशवॉशरच्या, निर्मितीचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या यंत्राचे अमेरिकन पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मंजूर झाले. गृहिणींच्या उपयोगासाठी कल्पिलेले हे यंत्र कॉक्रन यांच्या हयातीत मुख्यत्वे हॉटेले आणि रुग्णालये यांच्याच कामी आले. घराघरांत ते पोहोचले त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी.

सुरुवातीचे जीवन

जोसेफिन यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ॲश्टाब्युला परगण्यात झाला. वडील जॉन गॅरिस हे अभियंता होते. आई आयरीन या वाफेवर चालणाऱ्या बोटीचे आद्य निर्माते जॉन फिच यांच्या घराण्यातील होत्या. यंत्रांची ओळख घरातूनच झाली असली, तरी जोसेफिन यांना अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण मिळाले नाही. त्यांचे बालपण इंडियाना राज्यातील व्हॅलपरायझो येथे गेले. त्या ज्या शाळेत शिकत होत्या तिची इमारत आगीत जळाल्यानंतर त्यांना इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे बहिणीकडे पाठविण्यात आले.

विवाह

१३ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, जोसेफिन यांचा विवाह विल्यम कॉक्रन यांच्याशी झाला. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधात गेलेले विल्यम रिकाम्या हाताने परतले होते; परंतु पुढे कापड व किरकोळ मालाच्या व्यापारात त्यांचा जम बसला आणि स्थानिक राजकारणातही त्यांचे नाव झाले. या दांपत्याला दोन अपत्ये झाली. त्यांपैकी हॅली हा मुलगा दोन वर्षांचा असतानाच वारला. मुलीचे नाव कॅथरीन होते.

१८७० मध्ये हे कुटुंब मोठ्या वाड्यात राहावयास गेले. तेथे मेजवान्या होत आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चिनी मातीची मौल्यवान भांडी त्या वेळी बाहेर निघत. नोकरांच्या हातून धुताना त्यांचे कंगोरे उडू लागले, तेव्हा जोसेफिन यांनी ती स्वतः धुण्यास घेतली. भांडी न फुटता धुणारे यंत्र असावे, हा विचार या अनुभवातून आल्याचे सांगितले जाते. अनेक चरित्रलेखांत ही हकीकत श्रीमंत गृहिणीची हौस म्हणून रंगविलेली आढळते. मात्र पुढील घटनांचे कारण केवळ हौस हे नव्हते.

१८८३ मध्ये विल्यम यांचे निधन झाले. प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या घरात रोख रक्कम निघाली ती १,५३५ डॉलर आणि काही सेंट, आणि कर्ज मात्र त्याहून कितीतरी अधिक. पतीच्या उत्पन्नावर चालणारे घर एकाएकी उघड्यावर आले. मनात घोळत असलेली कल्पना आता चरितार्थाचा मार्ग ठरणार होती. याच सुमारास त्या आपल्या आडनावाच्या शेवटी ‘ई’ हे जादा अक्षर लिहू लागल्या. पेटंटवर व कंपनीच्या नावात मात्र जुनेच स्पेलिंग राहिले.

यंत्राची निर्मिती

भांडी धुण्याच्या यंत्राची कल्पना नवी नव्हती. न्यूयॉर्कच्या जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये हाताने फिरवावयाच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात भांड्यांवर पाणी उडे, एवढेच. भांडी स्वच्छ होत नसत. इतर काही संशोधकांनी घासण्यासाठी ब्रशांचा वापर करून पाहिला. कॉक्रन यांनी घासण्याची कल्पनाच सोडून दिली. भांडे आपल्या जागी घट्ट बसवावयाचे आणि साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा करून ते धुवावयाचे, हे त्यांच्या यंत्राचे तत्त्व होते. आजचा प्रत्येक डिशवॉशर याच तत्त्वावर चालतो.

हे काम घरामागील सरपणाच्या खोपीत झाले. कॉक्रन यांनी प्रथम बशा, पेले आणि ताटल्या यांची मापे घेतली व प्रत्येक प्रकारासाठी तारेचे स्वतंत्र कप्पे तयार केले. हे कप्पे एका आडव्या चाकावर बसविलेले असत आणि ते चाक तांब्याच्या मोठ्या बंबासारख्या टाकीत फिरे. फिरत्या भांड्यांवर खालून गरम पाणी उसळे. जॉर्ज बटर्स या मेकॅनिकने यंत्र उभे करण्यास साहाय्य केले. त्यापूर्वी मदतीस घेतलेले कारागीर आपलेच म्हणणे खरे करीत. स्त्रीने दिलेला आराखडा जसाच्या तसा बनविण्यास ते तयार नसत.

पेटंटसाठी ३१ डिसेंबर १८८५ रोजी अर्ज करण्यात आला आणि पुढील वर्षाच्या अखेरीस ३५५१३९ या क्रमांकाचे पेटंट मिळाले.

व्यवसाय

यंत्र तयार झाले, तरी ते विकणे अधिक कठीण होते. भांडवल देऊ पाहणाऱ्यांची अट बहुधा एकच असे : कारभार पुरुषांच्या हाती सोपवावा. ती कॉक्रन यांना मान्य नव्हती. त्यामुळे गॅरिस-कॉक्रन या नावाने सुरू झालेल्या कंपनीची यंत्रे प्रारंभी बाहेरच्या कारखान्यातून करून घ्यावी लागली आणि विक्रीसाठी त्या स्वतः हिंडल्या.

शिकागो येथील पामर हाऊस हे हॉटेल त्यांचे पहिले मोठे ग्राहक होते. त्यानंतर त्या त्याच शहरातील शर्मन हाऊस या हॉटेलात गेल्या. वडील वा पती सोबत नसताना हॉटेलाच्या दिवाणखान्यात एकटीने पाऊल टाकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. तत्कालीन मध्यमवर्गीय स्त्रीच्या दृष्टीने ही गोष्ट यंत्र बनविण्यापेक्षाही अवघड होती, हे त्यांनी पुढे मान्य केले. मात्र तेथून त्या ८०० डॉलरची मागणी घेऊन बाहेर पडल्या.

१८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात (स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती) तेथील उपाहारगृहांतून कॉक्रन यांची नऊ यंत्रे काम करीत होती. यांत्रिक रचना, टिकाऊपणा आणि कामास योग्य असणे या गुणांसाठी त्यांना पारितोषिक मिळाले. त्यानंतर हॉटेलांबरोबरच रुग्णालये व महाविद्यालये यांचीही मागणी वाढली. माणसाच्या हाताला सोसणार नाही इतके गरम पाणी यंत्रात वापरता येत असल्याने रुग्णालयांना त्याचे विशेष महत्त्व वाटले. १८९८ च्या सुमारास कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला आणि त्याची देखरेख बटर्स यांच्याकडे आली.

घरातील स्वयंपाकघराचा प्रश्न

घरगुती ग्राहक मात्र मिळाले नाहीत. किंमत हे एक कारण होते, पण खरी अडचण घराच्या रचनेतच होती. यंत्राला एका वेळी लागणारे गरम पाणी पुरवील एवढी टाकी बहुतेक घरांत नव्हती. अनेक गावांतील पाणी दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस न होणारे जड पाणी होते. वापरलेले पाणी वाहून नेणारी पक्की व्यवस्थाही सर्वत्र नव्हती. शिवाय घरातील पैसा कशावर खर्च करावयाचा, हे बहुधा भांडी धुणारी व्यक्ती ठरवीत नसे. अनेक स्त्रियांना जेवणानंतरची धुणावळ ही कपडे धुण्याच्या मानाने हलकी वाटे, हेही कॉक्रन यांच्या ध्यानात आले.

त्या काळी नसलेल्या सोयी आज ओट्याखाली बसविल्या जाणाऱ्या डिशवॉशरच्या आवश्यक अटी झाल्या आहेत. असे यंत्र सहसा सिंकच्या शेजारी बसवितात, म्हणजे पाण्याची व निचऱ्याची नळी आखूड राहते. कामापूर्वी वीजपुरवठा व पाणी दोन्ही बंद करतात. पाण्याच्या जोडणीवर स्वतंत्र बंद करता येणारा कॉक आणि विजेच्या जोडणीला अर्थिंग असणे आवश्यक असते, कारण येथे पाणी आणि वीज एकाच पेटीत येतात. निचऱ्याची नळी सरळ खाली न सोडता प्रथम ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच नेऊन मग सांडपाण्याच्या नळास जोडतात. तसे न केल्यास सिंकमधील घाण पाणी उलटे यंत्रात शिरू शकते. पाय फिरवून यंत्र समपातळीत आणल्यावर ते ओट्याला किंवा बाजूच्या कपाटाला स्क्रूने पक्के केले जाते. खाली उघडणाऱ्या दारावर भरलेला कप्पा ओढला, की सर्व भार पुढे येतो आणि मोकळे ठेवलेले यंत्र पुढे कलंडू शकते. कॉक्रन यांच्या बंबासारख्या यंत्राला हा धोका नव्हता. दार समोरून उघडण्याची रचना त्यांच्यानंतरची आहे. तारेचा कप्पा मात्र आजही त्यांच्याच कल्पनेचा वारसा सांगतो.

निधन आणि नंतर

सत्तरी ओलांडल्यावरही कॉक्रन स्वतः यंत्रांची विक्री करीत होत्या. ऑगस्ट १९१३ मध्ये शिकागो येथे त्यांचे निधन झाले. शेल्बीव्हिल येथील ग्लेनवुड स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

१९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्ट या कंपनीने विकत घेतली. होबार्टच्या ‘किचनएड’ या नाममुद्रेखाली १९४९ मध्ये घरगुती डिशवॉशर बाजारात आला, तोपर्यंत अमेरिकेतील असंख्य घरांत गरम पाण्याचे नळ पोहोचले होते. २००६ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’ या संस्थेने जोसेफिन कॉक्रन यांचे नाव आपल्या यादीत मरणोत्तर समाविष्ट केले.