न्यायाधीश सॅम्युएल सूअल

सेलम येथील चेटकिणींच्या खटल्यांविषयी आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. त्या खटल्यांतील एका न्यायाधीशाची हकिकत आम्ही येथे देत आहोत.

सॅम्युएल सूअल यांचा जन्म १६५२ साली इंग्लंडमध्ये झाला. नऊ वर्षांचे असताना ते अमेरिकेत आले व १६७१ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. १६७६ साली बॉस्टनच्या टांकसाळीचे प्रमुख जॉन हल यांची कन्या हॅना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. बापाने मुलीला तराजूत बसवून तिच्या भारंभार चांदीची नाणी दिली म्हणतात. पण ती दंतकथाच. त्यांना चौदा मुले झाली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली.

१६९२ साली सेलमच्या खास न्यायालयावर नऊ न्यायाधीश नेमले गेले, त्यांत सूअल होते. आरोपीची छाया येऊन आम्हांला छळते, ही मुलींची साक्ष न्यायालयाने खरी मानली. एकोणीस जण फाशी गेले. एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारले.

पुढे १६९६ साली सूअल यांच्या घरी एक मूल मृत जन्मले आणि डिसेंबरात दोन वर्षांची सारा वारली. दुसऱ्याच दिवशी मुलगा सॅम मत्तयाच्या बाराव्या अध्यायातून लॅटिनमध्ये पाठ म्हणत होता. यज्ञापेक्षा दया देवाला प्रिय आहे आणि निर्दोषांना दोषी ठरवू नये, हे सातवे वचन ऐकताच बापाला सेलम आठवले.

१४ जानेवारी १६९७ हा सरकारने ठरविलेला उपासाचा दिवस होता. सूअल यांनी आपली लेखी कबुली पाळक विलर्ड यांच्या हाती दिली व वाचन चालू असता ते भर मंडळीत उभे राहिले. दोष आणि लज्जा त्यांनी स्वतःकडे घेतली, आणि देवाने त्याचे शासन आपल्या घरावर वा देशावर आणू नये, अशी विनंती केली. दुःखाने माणूस हळवा झाला, इतकेच, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. मुख्य न्यायाधीश स्टाउटन यांनी तर अशी कबुली कधीच दिली नाही.

१७०० साली सूअल यांनी योसेफाच्या विक्रीचा दाखला घेऊन गुलामगिरीविरुद्ध पत्रक छापले. काळ्या लोकांविषयीचे त्यांचे पूर्वग्रह त्यातही दिसतात, हे लपविण्यात अर्थ नाही.

हॅना १७१७ साली वारली. त्यानंतर त्यांनी दोन विवाह केले. मधल्या काळात एका विधवेने टोप घालण्याचा आग्रह धरला, तो मात्र त्यांनी मानला नाही. १ जानेवारी १७३० रोजी ते वारले, तेव्हा ज्या मंडळीत ते उभे राहिले होते, तिच्या पाळकांपैकी एक त्यांचाच मुलगा जोसेफ होता.