गहाण पडलेलं कपाट

बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला गहाण वस्तूंची भाषा चांगली कळते, असा माझा समज होता. वजन, कस, बाजारभाव, मुदत, नोटीस आणि शेवटी लिलाव. १९८८ साली मी एका लहान शाखेत अधिकारी होतो. सोनेतारण कर्जाची मुदत संपलेल्या दागिन्यांचा लिलाव झाला आणि तिसऱ्या दिवशी एक बाई रुमालात पैसे बांधून आल्या. त्यांच्या पाटल्या विकल्या गेल्या होत्या. मी त्यांना नोटिशीची प्रत दाखवली, नियम समजावून सांगितला, वरची उरलेली रक्कम हातात ठेवली आणि सही घेतली. माझं काहीही चुकलं नव्हतं. त्या बाई मात्र बराच वेळ बाकावर बसून राहिल्या.

आमचे कॅशियर वसईचे. खिडकी बंद करून ते बाहेर आले, त्यांच्याशेजारी बसले आणि जाताना त्यांनी पत्ता विचारून घेतला. पुढे कळलं की हे गृहस्थ दर आठवड्याला आपल्या चर्चमधल्या एका सोबत्याला घेऊन दोन-तीन घरी जातात, बसतात, धान्य किंवा औषध लागलं तर बघतात. ते पाद्री नव्हते. बायको, दोन मुलं, वसई ते चर्चगेट लोकलचा पास, सगळं तुमच्या-आमच्यासारखं. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तेव्हा त्यांनी ओझानाम हे नाव सांगितलं. मी ते प्रथमच ऐकत होतो. नंतर मात्र हा माणूस मी शोधून शोधून वाचला.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३चा, इटलीतल्या मिलान शहरातला. आईवडील फ्रेंच. वडील डॉक्टर होते आणि गरिबांकडून पैसे न घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. चौदा मुलांपैकी बहुतेक लहानपणीच गेली. पुढे घर फ्रान्समधल्या लियाँला आलं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी या मुलाच्या मनात श्रद्धेविषयी भयंकर शंका उठल्या. त्याच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकांनी त्या दडपल्या नाहीत. ते त्याला बरोबर घेऊन फिरायला जात आणि बोलत राहत. त्यातून तो सावरला.

१८३१ साली कायदा शिकायला तो पॅरिसला आला. आपण विजेचा प्रवाह ज्या एककात मोजतो त्या एककाला ज्यांचं नाव आहे, त्या आंपेर यांच्या घरी त्याची राहण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये कॉलरा आला आणि हजारो माणसं मेली. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात धर्मावर कडाक्याचे वाद होत. एकदा विरोधी बाजूच्या तरुणाने ओझानामच्या गटाला सरळच विचारलं, की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केलं असेल, पण आज तुम्ही काय करता? प्रश्न झोंबला, कारण तो खरा होता. ओझानाम आणि त्याच्या मित्राने आपल्या खोलीत उरलेलं जळाऊ लाकूड उचललं आणि एका गरिबाच्या दारात नेऊन ठेवलं.

२३ एप्रिल १८३३ला, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि बायी नावाचे एक प्रौढ संपादक एकत्र बसले. दर आठवड्याला भेटायचं, गरिबांच्या घरी स्वतः जायचं, आणि सभेच्या शेवटी गुपचूप वर्गणी गोळा करायची. कोणी किती टाकले हे कोणाला कळू नये, अशी व्यवस्था. हिशेबाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या मला ही गोष्ट फार आवडली. जमा नोंदवायची, पण जमा करणाऱ्याचं नाव नाही!

उत्साह होता, पण जायचं कुठे? कुणाच्या घरात कसं शिरायचं, काय बोलायचं? ही पोरं गेली सिस्टर रोझाली यांच्याकडे. पॅरिसच्या सर्वांत दरिद्री वस्तीत, मुफतार रस्त्याच्या परिसरात, या बाई कित्येक वर्षं काम करत होत्या. घरोघरची दुखणी त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी या मुलांना पहिली घरं नेमून दिली, पाव आणि मांसाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाशी अदबीने वागायला शिकवलं.

सिस्टर रोझाली ज्या संघाच्या, त्याची गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते. १६१७ साली शातियों या गावी व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूने प्रवचनात एका आजारी कुटुंबाची हकिगत सांगितली. त्या दुपारी अख्खं गाव शिधा घेऊन त्या घराकडे निघालं. आज इतकं अन्न की नासून जाईल आणि उद्या पुन्हा उपाशी! व्हिन्सेंटच्या ध्यानात आलं की दया पुष्कळ आहे, व्यवस्था नाही. त्याने गावच्या बायकांना पाळ्या लावून दिल्या. म्हणजे पहिल्या प्रापंचिक बायाच होत्या. धर्मगुरूंचा संघ १६२५ साली आला आणि लुईझ द मारियाक यांच्यासह स्थापलेला भगिनींचा संघ १६३३ साली. या भगिनी मठाच्या भिंतींआड न राहता रस्त्यावर हिंडत. बरोबर दोनशे वर्षांनी १८३३ साली हा वारसा पुन्हा प्रापंचिकांच्या हाती आला आणि विद्यार्थ्यांनी आपल्या मंडळाला संत व्हिन्सेंट डी पॉल यांचंच नाव दिलं.

प्रपंच की परमार्थ, हा आपल्याकडचा जुना प्रश्न ओझानामलाही छळत होता. आधी कायद्याची, मग दांतेवरच्या प्रबंधाची, अशा दोन डॉक्टरेट मिळवल्या, पण संन्यास घेऊन डॉमिनिकन संघात जावं की काय, हे ठरेना. शेवटी २३ जून १८४१ रोजी त्यांनी अमेली सुलाक्रुआ यांच्याशी लग्न केलं. पुढे दर महिन्याच्या २३ तारखेला ते पत्नीला फुलं देत. सोरबॉनमध्ये ते परकीय साहित्याचे प्राध्यापक झाले, १८४५ साली मुलगी झाली. शिकवणं, लिहिणं, संसार आणि ती जिने चढून जाण्याची नेमाची फेरी, यातलं काहीच त्यांनी दुसऱ्यासाठी सोडलं नाही.

केवळ चिठ्ठ्या वाटून भागणार नाही, हेही त्यांना कळत होतं. मजुराला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असं ते वर्गात सांगत. १८४८च्या क्रांतीनंतर वर्तमानपत्रातून त्यांनी कामगारांची बाजू घेतली आणि स्वधर्मीयांचा रोष ओढवून घेतला. त्याच जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांत रक्तपात सुरू झाला. ओझानाम दोन मित्रांसह आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि मध्यस्थी करण्याची विनंती केली. आर्चबिशप गेले, गोळी लागली आणि दोन दिवसांनी वारले. सद्हेतूने दिलेल्या सल्ल्याची अशी किंमत! तिचं ओझं या हळव्या माणसाने कसं वागवलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

आणि आता ती कपाटाची गोष्ट. नववर्षदिन होता. ओझानाम जात त्यातल्या एका घराने, पूर्वीच्या बऱ्या दिवसांची शेवटची खूण असलेलं खणांचं कपाट पॅरिसच्या गहाणपेढीत ठेवलं होतं. ते सोडवून द्यावं, असं ओझानाम यांच्या मनात आलं. अमेलींनी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि त्यांना त्या पटल्याही. संध्याकाळी घरात मुलीची खेळणी पसरली होती आणि हे मात्र उदास. अमेलींनी कारण ओळखलं. ते उठले, पैसे भरले, कपाट त्या घरी पोचवलं आणि आनंदाने परतले. हिशेबाने पाहिलं तर त्या पैशांत कितीतरी पाव आले असते. पण माणसाची अब्रू त्या खणांत होती, हे कुठल्या खतावणीत दिसणार?

तब्येत आधीपासूनच नाजूक होती. मूत्रपिंडाचा विकार बळावला. हवापालटासाठी इटलीत राहून परतताना ८ सप्टेंबर १८५३ला मार्सेय इथे ते गेले. वय अवघं चाळीस. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केलं. सिस्टर रोझाली यांना तो मान २००३ साली मिळाला. सात जणांची ती सभा आज सुमारे दीडशे देशांत भरते. मुंबईत आणि वसईतही.

आमच्या त्या कॅशियरांकडे मी निवृत्तीनंतर गेलो होतो. गुडघे दुखतात, पण फेरी चालू आहे. पाटल्यांच्या बाई पुढे अकरा वर्षं जगल्या, शेवटच्या दुखण्यात त्यांना दवाखान्यात यांनीच नेलं, हे त्या दिवशी कळलं. मला एवढंच आठवत होतं की पाटल्यांचं वजन साडेअठ्ठावीस ग्रॅम होतं. बाई कुठे राहतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.