धर्मानंद कोसंबी : श्रद्धेची उलटतपासणी

गोव्यातील सांखवाळ येथे 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि ते बुद्धाचे झाले. पालीचा गंध नव्हता, पुरावा नव्हता. होती ती निव्वळ श्रद्धा. तिच्या बळावर 1899 मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी राहिली. त्या श्रद्धेची किंमत त्या दोघींनीही मोजली, हे आम्हांस विसरता येत नाही.

पुणे, काशी, नेपाळ असे भटकत ते 1902 मध्ये श्रीलंकेत पोहोचले आणि सुमंगल महास्थविरांकडे दीक्षा घेऊन पाली शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन केले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली.

मज्झिमनिकायातील चंकीसुत्तात भगवंतांनी श्रद्धेस मनाई केलेली नाही. श्रद्धा असेल तर ती आपली श्रद्धा आहे एवढेच सांगावे. तेवढ्यावरून हेच सत्य आणि बाकीचे मिथ्या असे ठरवू नये, इतकीच अट घातली आहे. कोसंबींनी ही अट स्वतःच्या श्रद्धेस लावली. वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही सर्वांची लाडकी कथा. महापदानसुत्तात ती विपस्सी बुद्धाच्या नावे आहे, हे त्यांनी दाखवले. अरियपरियेसनसुत्तात तर आईवडील रडत असता सिद्धार्थाने प्रव्रज्या घेतली. मग मध्यरात्रीचे गुपचूप प्रयाण कोठले? अत्तदंडसुत्तात शस्त्रधारी, भांडणाऱ्या लोकांकडे पाहून भय व वैराग्य उपजल्याचे वर्णन आहे. त्यावरून त्यांनी शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याकडे बोट दाखवले. पुढे बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात चार दृश्यांची कथा बुद्धीला पटत नाही म्हणून नाकारली व रोहिणीचाच प्रसंग मांडला.

मात्र अत्तदंडसुत्तात रोहिणीचे नाव नाही. हा निष्कर्ष अनुमानाचा आहे; विवेकाचा आहे, आम्हांस पटतोही, पण डोळ्यांनी पाहिल्याइतका निश्चित नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षे वर्गात तो तशाच खात्रीने सांगत आलो, ज्या खात्रीने इतर चार दृश्यांची कथा सांगतात. एकदा सातवीच्या एका मुलीने, हे कोठे लिहिले आहे, असे विचारले, तेव्हा आम्हांस थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी अत्तदंडसुत्ताचा अनुवाद घेऊन आम्ही वर्गात गेलो आणि त्यात काय आहे व काय नाही, दोन्ही वाचून दाखवले.

कोसंबींनी जून 1947 मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून देह ठेवला. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती त्यानंतर, 1950 साली निघाली.