आकाशाची मोजपट्टी देणारी हेन्रिएटा

परवा रात्री लाइट गेली म्हणून आम्ही मायलेकी गच्चीवर चटई टाकून पडलो होतो. लेक बारावीला. तिने सहज विचारलं, की तारा किती लांब आहे हे तिथे न जाता कळतं तरी कसं? मला काही उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी शोधायला बसले आणि एक बाई भेटली. हेन्रिएटा लेविट.

तिचा जन्म ४ जुलै १८६८चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील धर्मोपदेशक. मुलींनी कॉलेजात जाणं नवलाचं होतं, त्या काळात ती शिकली. शेवटच्या वर्षी खगोलशास्त्राची गोडी लागली. १८९२मध्ये कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि हार्वर्डच्या वेधशाळेत चक्क बिनपगारी कामाला लागली. मधे आजारपण आलं, ऐकू येणं कमी कमी होत गेलं. तरी ती परत आलीच. आता पगार मिळाला, तासाला ३० सेंट!

तिथे बऱ्याच बायका कामाला होत्या. त्यांना म्हणत ‘कम्प्युटर’, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या. दुर्बिणीवर बसणं हे पुरुषांचं काम. दक्षिणेकडच्या आकाशाचे फोटो पेरू देशातून काचेवर उतरून यायचे. त्यात तारे म्हणजे काळे ठिपके. आपण तांदळातले खडे निवडतो ना, तशी ही बाई भिंग घेऊन ठिपके तपासायची. कुठला तारा मंद झाला, कुठला पुन्हा उजळला, याची नोंद ठेवायची. १९०८मध्ये तिने मॅगेलनच्या मेघांमधल्या अशा १७७७ ताऱ्यांची यादी दिली.

त्यातच तिला एक मेख सापडली. जो तारा जास्त तेजस्वी, तो उजळायला-मंदावायला जास्त दिवस घेतो. १९१२मध्ये २५ ताऱ्यांवरून तिने हा नियम पक्का केला. त्याचं महत्त्व काय? लांबून दिसणारा मिणमिणता दिवा जवळचा झिरोचा बल्ब आहे की दूरचा मोठा दिवा, हे नुसतं बघून कळत नाही. पण दिव्यावर वॉट लिहिलेले असले, तर अंतर काढता येतं. हेन्रिएटाने ताऱ्याचे वॉट वाचायला शिकवलं. मात्र त्या पत्रकावर सही होती वेधशाळेच्या प्रमुखांची, पिकरिंग यांची. काम मिस लेविटचं आहे, एवढं त्यांनी आत नमूद केलं.

हे वाचताना मी थांबले. एका पतसंस्थेत मी अकरा वर्षं हिशेब लिहिले. ताळेबंद माझा, सही साहेबांची. तुमच्यापैकी कितीजणींना हे ओळखीचं वाटेल!

पुढे १९२३मध्ये एडविन हबलला देवयानी तारकासमूहात तसाच एक तारा सापडला. हेन्रिएटाच्या नियमाने हिशेब केला, तर तो आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरचा निघाला! म्हणजे देवयानी ही वेगळी दीर्घिकाच. जवळच्या दीर्घिकांची अंतरं या मोजपट्टीने निघाली आणि त्यांच्या आधाराने आणखी दूरच्यांची. त्यांचे वेग मुख्यतः स्लायफर यांनी प्रकाशावरून मोजलेलेच होते. १९२९मध्ये हबलने दोन्हींचा मेळ घातला. जी दीर्घिका दुप्पट लांब, ती दुप्पट वेगाने दूर पळते. आजच्या मोजमापाप्रमाणे दर साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटरने वाढतो. विश्व प्रसरण पावतंय, ते असं कळलं. बेल्जियमच्या लमेत्र यांनी हे १९२७मध्येच मांडलं होतं, म्हणून २०१८पासून या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणतात.

हेन्रिएटाने यातलं काहीच पाहिलं नाही. १२ डिसेंबर १९२१ला कॅन्सरने ती गेली, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. लग्न केलं नव्हतं. १९२५मध्ये एका स्वीडिश गणितज्ञांनी नोबेलसाठी तिचं नाव सुचवावं म्हणून पत्र पाठवलं, तेव्हा ती जाऊन तीन वर्षं उलटली होती. गेलेल्या माणसाचं नाव सुचवता येत नाही.

पुन्हा लाइट जाईल तेव्हा लेकीला उत्तर द्यायचंय. आधी नियम नाही सांगणार, आधी तिचं नाव सांगणार.