मारुती ८००चं इंजिन घेतलं आणि भारतातल्या पोरांसाठी रेसिंग कार बनवली, कोण होता हा करी?

वसई फाट्यापासून विरार फाट्यापर्यंत हायवेला लागून गॅरेजं आहेत. तिथल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीपुढे मारुती ८००चं इंजिन ठेवा, बोलता बोलता खोलून दाखवेल. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पार्ट स्वस्त आणि कुठेही मिळणारे. आख्ख्या देशाची फॅमिली गाडी.

पण याच इंजिनावर भारतात सिंगल सीटर रेसिंग कार पळायच्या. म्हणजे एफ वनसारखीच उघडी चाकं, एकच सीट आणि जमिनीला चिकटून बसलेला ड्रायव्हर. हा उद्योग करणाऱ्या माणसाचं नाव सुंदरम करिवर्धन. रेसिंगवाले त्याला नुसतं करी म्हणायचे.

१९५४ चा जन्म. घराणं कोइम्बतूरच्या लक्ष्मी मिल्सचं, म्हणजे पैशाला तोटा नाही. गिरणी सांभाळून आरामात आयुष्य गेलं असतं, पण गडी गाड्यांच्या नादाला लागला. नुसत्या पळवायच्या नाहीत, तर स्वतः बनवायच्या.

तेव्हा भारतातलं रेसिंग म्हणजे चेन्नईजवळचं शोलावरम. दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी, तिच्यावर शर्यती लागायच्या. कुणी आपली फियाट घेऊन यायचा, तर विजय मल्ल्या परदेशातून आणलेली एन्साइनची जुनी एफ वन कार घेऊन उतरायचे. गर्दी व्हायची, पण ती मुकाबला बघायला कमी आणि गाडी बघायला जास्त.

खरी अडचण इथेच होती. सिंगल सीटर चालवायची तर ती बाहेरून आणा, वर जबर आयात कर भरा. गाडी आलीच आणि शर्यतीत एखादा पार्ट तुटला, तर तो पुन्हा परदेशातून मागवा. ज्याच्या घरात पैसा तोच ड्रायव्हर. बाकीच्यांच्या हातात कितीही कसब असलं तरी ते कठड्यामागे उभे.

जगात यावर उपाय निघालेला होता. महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी ५०० सीसीची मोटरसायकल इंजिनं लावून छोट्या रेसिंग कार बनवल्या. अमेरिकेत फोक्सवॅगन बीटलचे पार्ट वापरून फॉर्म्युला व्ही उभी राहिली. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली. सूत्र एकच, रस्त्यावरच्या स्वस्त गाडीचं इंजिन घ्या आणि सगळ्यांना सारखंच द्या.

भारतात अशी गाडी १९८३ च्या शेवटी आली, ती म्हणजे मारुती. करीने तिचं इंजिन घेतलं, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलं, भोवती हलका सांगाडा उभा केला. नाव पडलं फॉर्म्युला इंडिया सिंगल सीटर मारुती इंजिन. एवढं लांब नाव कोण घेणार? लोक फिस्मे म्हणू लागले, नाहीतर सरळ फॉर्म्युला मारुती.

वेगाच्या हिशोबात ही गाडी मल्ल्यांच्या एन्साइनच्या जवळपासही नव्हती. पण नवशिक्यासाठी हीच गाडी बरी. इंजिन कमी ताकदीचं असलं की वळणावर उगाच ब्रेक मारून चालत नाही, गेलेला वेग लवकर परत येत नाही. आणि सगळ्यांकडे सारखंच इंजिन म्हटल्यावर मागे पडलात तर दोष गाडीला देता येत नाही. इंजिन बसलंच, तर पार्ट शहरातल्या दुकानात.

१९९० मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला पक्का रेस ट्रॅक झाला. तिथेच फॉर्म्युला मारुतीमध्ये कोइम्बतूरच्या एका पोराने आपली पहिली शर्यत केली. नाव नारायण कार्तिकेयन. २००५ मध्ये हाच पोरगा जॉर्डन टीमकडून एफ वनमध्ये उतरला, भारताचा पहिला ड्रायव्हर.

तो दिवस बघायला करी नव्हता. १९९५ मध्ये विमान अपघातात तो गेला. वय चाळीसच्या आसपास.

२००३ मध्ये कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला २.१ किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला, त्याला नाव दिलं करी मोटर स्पीडवे. आज तिथे एलजीबी फॉर्म्युला फोरच्या गाड्या पळतात, त्यांत इंजिन स्विफ्टचं असतं. वसईच्या पोराला राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर अजूनही दक्षिणेची गाडी पकडावी लागते. पण स्विफ्टचं इंजिन खोलणारा मिस्त्री मात्र वसई फाट्यावरही सापडतो.